हळदीला गेलेली बॅग

"मावशे, सुकट कोंबलीस यात? यात?" मी किंचाळलेच.

सगुणामावशी माझ्या पार्लरच्या पायरीवर बसली होती, मांडीवर ती पिवळी अर्धगोल बॅग. "मंग कशात ठेवू? चैन बेस हाय, वास भायेर येत न्हाय."

मी मोबाइल तिच्या नाकासमोर धरला. वेब सिरीजची नायिका तीच बॅग घेऊन नवऱ्याचं घर सोडून निघाली होती. त्या एका प्रसंगाने बॅगेचं नशीब उघडलं. मुंबईच्या कुणा डिझायनरची ती बॅग रील्समध्ये, टी-शर्टवर, अगदी वाढदिवसाच्या केकवरही येऊन बसली. मावशीकडे मात्र ती आधीपासूनच होती. थळच्या एका बंगलेवाल्या बाईला मावशी मासळी पोचवायची. पावसाळ्यात बॅगेला बुरशी आली, तशी बाईने ती देऊन टाकली. मावशीने खोबरेल चोळचोळून तिचा कायापालट केला.

गावभर बोभाटा मीच केला. नवऱ्या नटायला माझ्याकडेच येतात, मग वेळ कितीसा लागणार! आमच्या कोळीवाड्यात हळद लग्नापेक्षा मोठी. बँडवर अख्खा पाडा नाचतो. आता प्रत्येक नवरीला हळदीच्या फोटोत मावशीची बॅग हवी झाली. पोरी आधीपासून नंबर लावायच्या. मावशी बॅग पुसून, वारा देऊन, पदराखाली घेऊन स्वतः पोचवायची.

आणि मांडवाबाहेर थांबायची.

मावशीचा नवरा, काळूरामकाका, समुद्रात बुडून गेला तेव्हा ती ऐन तरुण होती. पदरी मूल नाही. हळद लावायला सवाष्णीच लागतात, हे आमच्याकडचं शहाणपण. बॅग आत मिरवणार, बॅगवाली बाहेर रचलेल्या खुर्च्यांपाशी. माझं डोकं फिरायचं.

"बॅग चालते नि तू चालत न्हाईस? लाज कशी वाटत न्हाय यांना!"

"गप गो हेमाली. लांबून दिसतं ना मना सगलं! आदी तर दारात कुत्रं फिरकत नव्हतं. आता पोरी येतात, चाय पितात, खिदळतात."

ते खरं होतं. त्या बॅगेपायी तिच्या ओट्यावर रोज जत्रा भरायची, आणि मावशी कशी फुलून आली होती म्हणून सांगू!

दिवाळीनंतर बाजारात नकली बॅगा आल्या. पिवळ्या, मग लाल, मग चमकीच्या. बघता बघता घरोघरी बॅग झाली आणि मावशीचा ओटा ओस पडला.  तरी कुणाची हळद आहे असं कानावर आलं, की बॅग पुसून ठेवायची. 

मग नेत्राची हळद आली. नेत्रा शेजारची, मावशीच्या कडेवर वाढलेली. तिच्या हळदीला आपण असायलाच हवं, एवढी एकच आस मावशीला होती. पण होणाऱ्या नवऱ्याने, धनेशने, नेत्राला तशीच कोरी बॅग पाठवली.

"आता मना कोन बोलवनार?" मावशी म्हणाली आणि कोलंबी सोलायला बसली.

नेत्राच्या घरी तिचा मेकअप मी घुश्शातच सुरू केला. शेवटी राहवेना. "तुझी बॅग आली ना? झालं तर. बस म्हणावं म्हातारीला घरात."

 नेत्रा अर्ध्या मेकअपची उठली, आत जाऊन आईशी काहीतरी बोलली आणि तिथून थेट मावशीच्या दारात. मी मागून ब्रश घेऊन धावतेय.

"मावशे, चल."

मावशी लगबगीने खुंटीवरची बॅग काढायला गेली.

"बॅग नको गो, माज्याकडं हाय. तू चल. पयली हलद तू लावायची."

"येडी झालीस? माज्या हातानं? तुजी आय काय बोलंल?"

"आयला सांगितलंय. वाटी धरून उभी हाय ती, रडते हाय."

मावशीने हात पुढे केले, मागे घेतले. "कोलंबीचा वास येतो गो हाताला." तेवढाच एक बहाणा तिच्याकडे उरला होता.

"येऊं दे," नेत्रा म्हणाली आणि तिचा हात धरून तिला मांडवात घेऊन आली.

बँड थांबला. दोघीतिघी कुजबुजल्या. नेत्राच्या आईने मात्र वाटी पुढे धरली. मावशीने बोटं हळदीत बुडवली. कुठे, किती लावायची, तिला ठाऊकच नव्हतं. सगळं लांबून बघितलेलं. तिने नेत्राच्या गालांना लावली, कपाळाला लावली, दंडांना, तळव्यांना लावली आणि लावतच राहिली. वाटी संपत आली. मागे सवाष्णी रांगेत उभ्या होत्या. तिला कुणीच थांबवलं नाही.