मोहरीबरोबर आत गेलेली चादर

मी सोलापूरची एक जुनी चादर आहे, मित्रांनो, आणि सध्या एका कुत्रीच्या मालकीची आहे. हे सांगताना पूर्वी मला मेल्याहून मेल्यासारखे व्हायचे.

माझा जन्म यंत्रमागावर झाला. लाल-काळी नक्षी, दोन्ही बाजूंनी सारखीच देखणी, आणि वजन असे की मला अंगावर घेतल्यावर थंडीची काय बिशाद! गिरिजा नोकरीसाठी आयर्लंडला निघाली तेव्हा तिच्या वडिलांनी, नरेंद्ररावांनी, मला तिच्या बॅगेच्या तळाशी घातले. तिकडे शॅनन गावातल्या घरात पहिली काही वर्षे माझा मोठा थाट होता. मग हलक्याफुलक्या रजया आल्या आणि मी कपाटात गेले. पुढे गिरिजाच्या मुलीने, निहारिकाने, मोहरी नावाची छोटी काळी कुत्री आणली. तिच्या टोपलीत अंथरायला काहीतरी हवे होते. "आई, दॅट ओल्ड वन इन द प्रेस विल डू," निहारिका म्हणाली. तिकडे कपाटाला प्रेस म्हणतात. ते 'ओल्ड वन' मला फार झोंबले. दोन वर्षे मी मोहरीशी अबोला धरला होता, पण तिला त्याचे काहीच नव्हते.

२०२० साली नरेंद्रराव लेकीकडे आले आणि विमाने बंद झाल्यामुळे तिथेच अडकले. दिवाळी आली. वसुबारसेला गाईला नैवेद्य द्यायचा हा त्यांचा आयुष्यभराचा नेम. घरामागच्या कुंपणापलीकडे गाई होत्याही, पण बाहेरचे काही घालू नका, असे त्यांच्या मालकाने नम्रपणे सांगितले. देवाच्या नावाने काढलेला घास परत कसा घ्यायचा? नरेंद्ररावांनी ती वाटी मोहरीपुढे ठेवली. वाटीत गूळ, खोबरे आणि बेदाणे होते.

रविवारी दुपारी मोहरी माझ्यावर दोनदा ओकली. मग अशी निपचित पडली की तिची कूस हलते की नाही, ते मलाही कळेना. गिरिजाने नेहमीच्या दवाखान्याला फोन लावला. तो बंद होता, पण रेकॉर्ड केलेला आवाज तातडीचा नंबर सांगत होता. तो तिने निहारिकाच्या स्केचपेनने हातावरच लिहून घेतला. पलीकडून पहिला प्रश्न आला, तिने काय खाल्ले? गिरिजाने कोपऱ्यातल्या वाटीकडे पाहिले, बेदाण्यांचे नाव घेतले आणि उत्तर ऐकून तिचा चेहरा उतरला. बेदाण्यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आत्ताच्या आत्ता निघा, असे ते उत्तर होते.

तेव्हा घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी होती आणि तो तातडीचा दवाखाना होता पंचवीस किलोमीटरवर. वाटेत पोलिसाने गाडी थांबवली. त्याने माझ्यात गुंडाळलेल्या मोहरीकडे पाहिले. "गो ऑन, यू आर ग्रँड," म्हणजे जा, काही हरकत नाही, एवढेच म्हणून तो बाजूला झाला.

दवाखान्यात माणसांना प्रवेश नव्हता. डॉक्टरबाईच गाडीपाशी आल्या. तोंडावर मास्क, पायात चिखलाचे गमबूट, बाहीवर गवत. नुकत्याच एका गाईला मोकळी करून आल्या होत्या. किती बेदाणे, आणि कधीपासून, असे त्यांनी विचारले.

गिरिजाने आजचीच वाटी पाहिली होती. "जस्ट टुडे," ती म्हणाली. "थ्री ऑर फोर."

मागच्या सीटवर नरेंद्ररावांनी माझा काठ घट्ट धरला होता.

"गिरिजा, सगळं सांग त्यांना," ते म्हणाले. "वसुबारसेपासून, म्हणजे गुरुवारपासून रोज देतोय मी. दहा-बारा दाणे तरी. तुम्ही रागवाल म्हणून तुम्ही उठायच्या आत द्यायचो."

"आजोबा, यू डिडन्ट," निहारिका म्हणाली.

"दिले गं. मीच दिले."

गिरिजाने ते शब्द न् शब्द इंग्रजीत सांगितले. डॉक्टरबाईंनी मला आणि मोहरीला एकत्रच उचलले आणि आत नेले.

आत मी जे पाहिले ते घरातल्या कुणीच पाहिलेले नाही, म्हणून नीट सांगते. मी मागावर जन्मलेली. बारीक सूत म्हणजे काय, ते मला कुणी शिकवायला नको. पण मोहरीच्या पायावरचे केस भादरल्यावर दिसलेली शीर सुताहून बारीक वाटत होती, आणि तासाभरापूर्वी ज्या हातांनी वासरू ओढून काढले त्याच हातांनी त्या शिरेत पहिल्या प्रयत्नात सुई गेली. मी थक्क झाले. रक्ताचे चार थेंब एका यंत्रात घातले आणि त्याने मोहरीच्या पोटातली बातमी सांगितली. मूत्रपिंडांवर ताण होता, पण ती अजून शाबूत होती. मग दोन दिवस थेंब थेंब सलाइन. एक नर्स पुन्हा पुन्हा गुडघे टेकून मोहरीला लघवी झाली का ते बघायची, आणि झाली की परीक्षेत पहिली आल्यासारखे तिचे कौतुक करायची. मी चिंब व्हायचे. एरवी मी केवढे नाक मुरडले असते! एवढ्याशा जिवासाठी अनोळखी माणसे इतकी झटतात, हे मला ठाऊकच नव्हते.

मंगळवारी आम्हाला बाहेर आणले तेव्हा नरेंद्रराव गाडीतून उतरले, पण मोहरीला घ्यायला हात पुढे करेनात. डॉक्टरबाई काही बोलल्या. गिरिजाने ते मराठीत सांगितले.

"बाबा, त्या म्हणतायत, तुम्ही चार दिवसांचं सांगितलंत म्हणून लगेच रक्त तपासलं आणि तिला ठेवून घेतलं. नाहीतर औषध देऊन घरी पाठवली असती."

नरेंद्रराव तिथेच रडले आणि मग त्यांनी मोहरीला घेतले.

मित्रांनो, घरात मुका जीव असेल तर सुटीच्या दिवशी त्याला कुठे न्यायचे ते आजच विचारून ठेवा. तुमचे गोडधोड त्याला घालण्याआधी ते त्याला चालते का, तेही विचारा. आणि हातून चूक झालीच, तर ती पूर्ण सांगा, कमी करून नको. मोहरीला स्वतःला काहीच सांगता येत नव्हते. तिचे खरे दुखणे ठाऊक असलेला एकच माणूस त्या गाडीत होता, आणि तो बोलला.