बस लागू नये म्हणून

केमोच्या तासभर आधी घ्यायची, उलटी होऊ नये म्हणून असलेली गोळी आईने याही वेळी घेतली नव्हती. घरी येताच ती बादली धरून बसली आणि म्हणाली, "बास झालं. पुढचा केमोचा डोस मी घेणार नाही."

मी तिची पर्स उपसली. तळाशी आतापर्यंतच्या तिन्ही केमोच्या गोळ्या एका पाकिटात होत्या. वर लिहिलं होतं, 'बाळ्याला, बससाठी.'

लहानपणी मला बस लागायची. आता मी बस चालवतो.

"आई, ही तुझी आहे. घे."

"आधी तू घे. उद्या वळणांचा रस्ता आहे तुझा."

मी गिळली, मग तिने. तिची दोन मिनिटांत बादलीत आली.

"तुला मळमळतंय?" तिने विचारलं.

"नाही."

"बघ," ती समाधानाने म्हणाली, "ज्याला लागू पडते त्यानेच घ्यावी."