दारातून दिसणारा अभिमन

हिलालवर मी चिडले होते आणि अजून चिडलेलीच आहे. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मान्य. पण चांगल्या मनाचं काय लोणचं घालायचं?

अभिमन माझा धाकटा भाऊ. बारावीत असताना काविळीने गेला. त्याचा एकच फोटो मागे राहिला, पिंपळनेरच्या शाळेतल्या कबड्डी संघाबरोबरचा. कडेला उभा, केस विस्कटलेले, लहानपणी ओट्यावरून पडला होता त्याची हनुवटीवर खूण, आणि हसू कसंबसं दाबलेलं. माय, म्हणजे आमची आई द्रौपदाबाई, तो फोटो पेटीतून काढून त्याच्यावर हात फिरवायची. रोज हात फिरला की कागद किती टिकणार? घडीवर चीर गेली, ती नेमकी अभिमनच्या खांद्यावरून. त्याचं तोंड खऱ्या माणसाएवढं मोठं करून भिंतीवर लावायचं, असं मायने ठरवलं.

हे अठ्ठ्याण्णव सालचं. मी धुळ्याला देवपुरात शिक्षिका होते. तिथेच हिलालने कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका छापायचं दुकान टाकलं होतं आणि नुकताच स्कॅनर आणला होता. हिलाल अभिमनच्या बाकावरचा. मी मायला घेऊन त्याच्याकडे गेले.

काचेखालून उजेड सरकला आणि पडद्यावर अभिमन उमटला. मायने पदर तोंडाशी धरला. 

"मावशी, आता या फोटोला मरण नाही," हिलाल म्हणाला. "फाटायचा नाही, पिवळा पडायचा नाही." मग त्याने फोटो तिच्या हातात परत दिला आणि माय पिंपळनेरला गेली.

त्या फोटोवर हिलालने फार मेहनत घेतली, पैसे मात्र घ्यायला तयार नव्हता. एका दिवशी चीर बुजवली, एका दिवशी उजेड वाढवला, मग बाकीची पोरं कापून एकटा अभिमन ठेवला. दरवेळी काम झालं की फाइल जेपेगमध्ये सेव्ह करायचा आणि लहान करून ठेवायचा. स्कॅन केलेली मूळ फाइल भलीमोठी होती. लग्नसराईत डिस्कवर जागा उरेना, म्हणून ती त्याने पुसून टाकली. पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसत होत्या, मग दोन कशाला ठेवायच्या, असा त्याचा हिशेब. शेवटी अख्खा अभिमन एका फ्लॉपीत मावला आणि वर जागा उरली. मला तेव्हा त्याचं कौतुकच वाटलं.

एवढा मोठा फोटो धुळ्यात छापून मिळत नव्हता. आम्ही तिघं एसटीने जळगावला गेलो. फ्लॉपी मायने पिशवीतही ठेवू दिली नाही, मांडीवर रुमालात धरून बसली.

जळगावच्या दुकानदाराने फाइल उघडली. तळहाताएवढा अभिमन हसू दाबत होता. मग दुकानदाराने चेहरा मोठा करत नेला आणि चेहरा गेला. राहिले नुसते चौकोन, राखाडी, फिकट, काळपट. डोळ्यांच्या जागी चौकोन, ओठांच्या जागी चौकोन. हनुवटीवर तर काहीच नव्हतं, सपाट.

"फार दाबलीय फाइल," दुकानदार म्हणाला. "जेपेग असंच करतं. माणसाच्या नजरेला चटकन कळणार नाही ते टाकून देतं, म्हणून फाइल लहान होते. तुम्ही उघडून पुन्हा पुन्हा सेव्ह केली, दरवेळी थोडं थोडं गेलं. टाकलेलं परत येत नाही."

"मोठी फाइल?" मी हिलालला विचारलं. त्याने नाही अशी मान हलवली.

"एवढं काय घाबरता?" दुकानदार म्हणाला. "मूळ फोटो आणा. पुन्हा स्कॅन करू, आजच होईल."

माझ्या जिवात जीव आला. मी मायकडे वळले.

"तो ते म्या पांझरामा सोडी दिधा," माय म्हणाली.

रिकाम्या रुमालाची तिने घडी घातली.

"फाटेल फोटो घरमा ठेवू नही. हिलाल बोलना, आते तो मशीनमा शे. मंग म्या फूल ठेवं आनि सोडी दिधा."

आमच्याकडे तडकलेली तसबीर, फाटलेला फोटो नदीला देतात. मायने रीतीने केलं होतं, हात जोडून. हिलाल बाहेर जाऊन पायरीवर बसला आणि भर रस्त्यात हमसाहमशी रडला. मी त्याच्याजवळ गेले नाही.

मायने मात्र तसाच फोटो छापून घेतला. जसा शे तसा दे, म्हणाली. मला तिचा राग आला. चौकोनांना हार घालायचा का? तरी पिंपळनेरला घरात दारासमोरच्या भिंतीवर मी स्वतः खिळा ठोकला.

त्या वर्षी अभिमनच्या तिथीला मी घरी गेले. हिलालही आला होता, दाराशी अवघडून उभा. मी मायच्या हातात हार दिला. ती उंबऱ्यावरून हलेना.

"तू घाल," ती म्हणाली.

"माय, तुझा मान आहे."

"आठेन दिसस तो. जवळ गऊ का दिसत नही."

मी तिच्याशेजारी उंबऱ्यावर जाऊन उभी राहिले आणि तिथून भिंतीकडे पाहिलं. चौकोन एकमेकांत मिसळले होते. समोर अभिमन होता, हसू दाबून. 

मग मी हार घेऊन पुढे गेले. एकेका पावलाला तो विरत गेला. हार घालताना माझ्यासमोर कोणीच नव्हतं. मागे वळून पाहिलं, तर माय उंबऱ्यावर उभी होती, आणि ज्या हाताने ती कागद झिजेपर्यंत त्याचं तोंड कुरवाळायची, तो हात तिने दाराच्या चौकटीला घट्ट धरून ठेवला होता.