गोल आणि मधे टिंब

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून टाकते. वडिलांनी लहानपणीच मला ठिणगी म्हणायला सुरुवात केली आणि मी त्या नावाला आजवर बट्टा लागू दिलेला नाही. त्या सकाळी मास्तरीणबाई माझ्या शेडसमोर गाडी लावून म्हणाल्या, "काचेतून थोडंसं पाणी येतंय हो, वरून काहीतरी लावून द्या ना." माझं डोकं तापायला एवढं पुरेसं होतं.

"वरून लावायला ते काय खरचटलेलं ढोपर आहे?"

बाई हसल्या. वर्गात माझ्यासारख्या चाळीस जणी सांभाळत असणार. खुर्ची ओढून त्यांनी वह्या तपासायला घेतल्या.

काच मागच्या दाराच्याही मागची, तिकोनी, बॉडीला चिकटवलेली. ती खाली-वर होत नाही. काळ्या सीलंटच्या जाड रेघेवर जन्मभर बसून राहते, अर्थात बसवणाऱ्यानं नीट बसवली असेल तर. हिच्या कोपऱ्यात तडा होता आणि आतल्या सीटला कुबट वास येत होता. नवी काच लागणार होती. मी दादाला फोन केला.

दादा माझा मोठा भाऊ, शहरातल्या मोठ्या गॅरेजात फोरमन. मी काचा साठवून ठेवत नाही. लागेल ती काच तोच दुकानातून घेऊन येतो. त्या दिवशी त्याची सुट्टी होती, तरी म्हणाला, "आणतो गं तासाभरात." पाच वर्षांपूर्वी त्याच गॅरेजातून माझी नोकरी गेली, तेव्हा ही शेड त्यानंच उभी करून दिली, स्वतःची जुनी हत्यारं दिली. भाऊ असावा तर असा, हे मी भेटेल त्याला सांगत आले.

नोकरी का गेली, तेही सांगते. मी बसवलेली अशीच एक काच धावत्या गाडीतून निखळली. तिला डोकं टेकून सात वर्षांची मुलगी झोपली होती. काच गेली आणि तिचं कपाळ पत्र्याच्या कडेवर आपटलं. भुवईवर पाच टाके. काच मातीत पडून शाबूत राहिली, ती दादानं मला दाखवली होती. कडेला प्रायमर नव्हता.

प्रायमर म्हणजे शाईसारखं पातळ काळं औषध. ते काचेच्या कडेला लावायचं, पंधरा मिनिटं वाळू द्यायचं आणि मग सीलंट. न लावताही त्या दिवशी काच घट्टच बसते, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पुढे कधीतरी सीलंट काचेला सोडून देतं. दोन आठवड्यांनी किंवा दोन वर्षांनी, ते कुणाच्या हातात नसतं.

काच माझीच होती यात शंका नव्हती. आमच्या गॅरेजात पद्धत होती, काच बसवण्याआधी तिच्या काळ्या कडेवर पांढऱ्या पेन्सिलीनं तारीख आणि स्वतःची खूण करायची. वरून पट्टी बसते, गिऱ्हाइकाला दिसत नाही. माझी खूण गोल आणि मधे टिंब. ती त्या निखळलेल्या काचेवर होती. "विसरलीस तू," दादा म्हणाला होता. "होतं असं घाईत. कबूल करून टाक, मी बाकीचं निस्तरतो." मला विसरल्याचं आठवत नव्हतं. पण विसरलेलं आठवेल कसं? मी कबूल केलं.

तेव्हापासून मी प्रत्येक काचेला प्रायमर दोनदा लावते. फोटो काढते. वर गिऱ्हाइकालाही बोलावून दाखवते. लोक हसतात. हसू देत. मला माझ्याच हातांची भीती बसली होती.

तर, आतली पट्टी काढली, सीलंटमधून तार ओवली आणि कापायला सुरुवात केली. चांगल्या बसलेल्या काचेला तार ओढताना खांदे भरून येतात. इथे चार हिसक्यांत काच सुटली. सीलंट कापलंच गेलं नाही, काचेवरून सोलून निघालं, उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखं, अख्खं. आणि काचेची कड कोरडी. प्रायमरचा थेंब नाही.

"कुठल्या शहाण्यानं बसवली होती ही?" मी ओरडले.

बाईंनी गॅरेजचं नाव सांगितलं. आमचंच. "पाच वर्षं झाली असतील," त्या म्हणाल्या.

मी काच उलटी केली. कडेवर गोल होता. मधे टिंब.

म्हणजे तेव्हा एकच नव्हती तर! अजून किती गाड्यांमध्ये मी असे अपघात चिकटवून ठेवलेत? मी काच स्टँडवर ठेवली आणि बाईंना काय तोंड दाखवायचं याचा विचार करत तारीख वाचली.

ती तारीख मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्या दिवशी आईचं ऑपरेशन होतं. सकाळी सातपासून रात्री आठपर्यंत मी दवाखान्याच्या बाकावर बसून होते. दादानं आदल्या दिवशी सांगितलं होतं, "तू आईजवळ थांब. तुझ्या वाटच्या गाड्या मी करतो."

मी ती सोललेली सीलंटची पट्टी बाकड्यावर काचेच्या आकारात मांडली. सीलंटची रेघ जिथे सुरू होते तिथेच येऊन संपते, आणि शेवटचं टोक सुरुवातीवर चढतं. त्यावरून हात कुठल्या बाजूनं फिरला ते कळतं. मी उजवीकडून डावीकडे कधी जात नाही, मला जमतच नाही. ही रेघ उजवीकडून डावीकडे गेली होती. गॅरेजात डावखुरा एकच होता.

आधी काहीच वाटलं नाही. मग मी जाऊन नळाखाली डोकं धरलं. बाई वह्या सोडून उठल्या. "बरं नाही का?"

"बरी आहे. तुमची काच आज नीट बसेल," मी म्हणाले. "ती जुनी खूण माझी आहे, पण काम माझं नव्हतं." हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले.

दादा मोटरसायकलवरून आला, काच पाठीशी बांधून, हसत. "ठिणगे, चहा टाक."

मी त्याला बाकड्यापाशी नेलं. त्यानं खूण पाहिली, तारीख पाहिली, सीलंटची पट्टी पाहिली. पट्टी त्याला माझ्याहून चांगली वाचता येते. मला त्यानंच शिकवलं होतं ते.

"त्या दिवशी अकरा गाड्या होत्या," तो हळूच म्हणाला. "प्रायमर वाळायला थांबलो असतो तर संध्याकाळ झाली असती. मलाही दवाखान्यात यायचं होतं."

"मग तुझी खूण करायची होतीस."

"गाड्या तुझ्या नावावर लागल्या होत्या."

"आणि त्या पोरीची काच? तिच्यावरच्या तारखेला तर मी कामावर होते. तीही तूच बसवलीस?"

"हो. तू जेवायला गेली होतीस, मी घाईत बसवून टाकली आणि खूण तुझी केली." त्यानं पट्टीचं टोक बोटानं सरळ केलं. मग म्हणाला, "फोरमनच्या जागेसाठी माझं नाव पुढे गेलं होतं. तुझं काय, तू कुठेही पोट भरशील असे हात आहेत तुझे. मी काय तुला वाऱ्यावर सोडलं? ही शेड कुणी उभी केली?"

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि वर हा माणूस मला हत्यारांचा हिशेब ऐकवत होता. माझे हात चांगले आहेत हे याला ठाऊक होतं. पाच वर्षं मी दर काचेपाशी घाबरताना यानं इथेच उभं राहून, चहा पीत, पाहिलं होतं. एकदा तर म्हणाला होता, "दोनदा लावतेस ते बरं करतेस."

मला तो हातोडीनं फोडावासा वाटला. पण बाईंची गाडी उघडी पडली होती.

मी काम पुरं केलं. जुनं सीलंट तासून काढलं, पत्रा पुसला, नव्या काचेला प्रायमर लावला. एकदाच. फोटो काढला नाही, कुणाला बोलावलं नाही. पंधरा मिनिटं आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता उभे होतो. मग डावीकडून उजवीकडे रेघ ओढली, काच बसवली, टेपनं धरून ठेवली. बाईंना सांगितलं, "दोन तास गाडी हलवायची नाही. तोवर मी येते."

"कुठे?" दादानं विचारलं.

"गाडी काढ. त्या पोरीच्या घरी."

हे घर त्याला ठाऊक होतं. पाच वर्षांपूर्वी तोच मला तिथे घेऊन गेला होता. मी आत जाऊन त्या पोरीच्या आईचे पाय धरले होते. ती बाई पाय सोडवून आत निघून गेली होती, आणि ते शिव्यांपेक्षा वाईट होतं. पोरगी पट्टी बांधलेल्या कपाळानं दारामागून बघत होती. बाहेर आले तेव्हा दादानं मला पाण्याची बाटली दिली, पाठीवरून हात फिरवला.

"इतक्या वर्षांनी काय उपयोग?" तो म्हणाला. "आईच्या कानावर गेलं तर?"

"जाऊ दे. काढ गाडी."

वाटेत मी त्याच्या खांद्याला धरलं नाही. सीटच्या मागची दांडी धरून बसले. ते फाटक आता निळं रंगवलं होतं. आत एक बारा वर्षांची मुलगी सायकलची साखळी बसवत होती, हात काळेकुट्ट. केस मागे बांधलेले, त्यामुळे भुवईवरची रेघ स्वच्छ दिसत होती.

दादानं मोटरसायकल बंद केली, पण उतरला नाही. हेल्मेटही काढलं नाही.

"तूही चल ना आत," तो म्हणाला. आवाज लहान मुलासारखा झाला होता.

त्या दिवशी इथेच, याच फाटकाबाहेर, मीही त्याला हेच म्हटलं होतं. त्यानं काय उत्तर दिलं होतं ते मला शब्द न शब्द पाठ होतं.

"मी कशाला?" मी म्हणाले. "तू एकट्यानं बोललास तर बरं दिसेल."