सोनुनचा पडदा

बिश्केकच्या मोठ्या चौकात, झेंड्याखाली, दोन शिपाई ताठ उभे होते. ते बघून शाबदानच्या जिभेला खाज सुटली.

"बुरुल, ते मेणाचे आहेत हं. दाबलं तर बोट आत जातं."

बुरुल त्याची मेहुणी. पन्नाशी उलटली, पण फसायला कायम तयार. बोट पुढे करून ती गेली, तेवढ्यात शिपायाने डोळे मिचकावले. अशी किंचाळली, की चौकातली कबुतरं उडाली.

"दाजी, किडे पडोत तुमच्या जिभेला!" तिने हातातली पिशवी त्याच्या पांढऱ्या टोपीवर हाणली. बघणारे हसले. किर्गिझ मुलखात दाजीला शिव्या न घालणारी मेहुणी म्हणजे बिनमिठाचा रस्सा.

कोचकोरहून पहाटेच्या मिनीबसने दोघं आले होते ते सोनुनचा पडदा बघायला. सोनुन शाबदानची बायको, बुरुलची थोरली बहीण. लग्नात तिने काळ्या मखमलीचा, भरतकामाचा पडदा आणला होता, पलंगामागच्या भिंतीवर टांगायचा. दोघी बहिणींनी मिळून भरलेला, फक्त एक कोपरा कोरा ठेवून. पूर्ण भरायचा नसतो, नाहीतर घर संपतं म्हणतात.

सोनुन गेली तेव्हा बुरुलने तो मागितला. शाबदानने दिला नाही. त्याच वसंतात शहरातून एक टायवाला आला. चहा प्याला, पडद्यासमोर उभा राहिला, रुमालाने डोळे पुसले आणि म्हणाला, ह्याची जागा म्युझियममध्ये. काचेमागे लावू, खाली बाईंचं नाव. अख्ख्या गावाला टोप्या घालणारा शाबदान! त्याने आपल्या हाताने पडदा गुंडाळून दिला, वर मेंढीची अख्खी मांडी बांधून दिली.

बुरुल कितीतरी महिने त्याच्याशी बोलली नव्हती. मग एकदा म्हणाली, "बरं झालं. सगळा देश बघेल ताईचं काम. पण दाजी, मला एकदा दाखवा." आता तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. म्हणून आज.

म्युझियमच्या दाराशी शाबदानला पुन्हा राहवलं नाही.

"बूट काढ. आत गालिचे आहेत."

बुरुलने मुकाट्याने बूट काढले, काखेत मारले आणि मोज्यांवर गार फरशीवरून निघाली. दारावरची बाई म्हणाली, "मावशी, बूट घाला. इथे कुणी काढत नाही."

"दाजी! परत जाताना तुम्हाला डोंगरावरून ढकलते की नाही बघा!"

शाबदान पोट धरून हसला. त्यानंतर त्या दिवसात तो हसला नाही.

वरच्या दालनात पडदे होते. लाल, काळे, शिंगांच्या नक्षीचे. बुरुल काचेला नाक लावून एकेक बघत चालली. "हा नाही. हा तर मशीनवरचा वाटतो. हाही नाही. ह्याचा कोपरा भरलाय, काय अवदसा आठवली असेल बाईला! दाजी, आपला कुठाय?"

"असेल पुढे."

पुढे जुनी नाणी होती.

शाबदान हळूच कोपऱ्यातल्या राखणदार बाईकडे गेला. ती खुर्चीत बसून मोजा विणत होती. त्याने सगळं सांगितलं. तिने मान वर केली नाही.

"टाय होता?"

"हो."

"रडला?"

"हो."

"वर मांस बांधून दिलंत?"

"मांडी. अख्खी."

"असा माणूस आमच्याकडे कधीच नव्हता, भाऊ. तालासहून येतात, नारिनहून येतात, सगळे हेच विचारतात. मागे एक म्हातारी तुम्ही उभे आहात तिथेच बसून राहिली. उठेचना."

तो परत आला. तोंडात थाप तयार होती: पडदा धुवायला गेलाय, दुसऱ्या देशात दाखवायला नेलाय. जन्मभर त्याला थापेची वाट बघावी लागली नव्हती. पण बुरुलच्या नाकाचा ठसा काचेवर उमटला होता. तो बघितला आणि त्याने खरं सांगितलं.

"बुरुल, पडदा इथे नाही. तो माणूस चोर होता. मला फसवलं त्याने."

बुरुल खो खो हसली. "तुम्हाला? अहो, सैतान तुमच्याकडे शिकवणीला येतो! पुरे आता. कुठे लपवलाय?"

"खरं सांगतोय."

"मेणाचे शिपाईपण खरेच होते. आता काय करू, पुन्हा बूट काढू?" तिने खांबामागे बघितलं, दाराआड बघितलं, खालच्या मजल्यावर जाऊन पुन्हा वर आली. राखणदार बाईला म्हणाली, "तुम्हीही सामील वाटतं ह्यांना?"

बाईने विणकाम मांडीवर ठेवलं आणि तिच्याकडे नुसतं बघितलं.

बुरुल वळली. शाबदान पायरीवर बसला होता. डोक्यावरची टोपी गुडघ्यावर होती. घराबाहेर बोडक्या डोक्याने तो एकदाच दिसला होता, सोनुनला पुरलं त्या दिवशी.

ती त्याच्याशेजारी बसली नाही. वाकून बुटाच्या नाड्या सोडल्या, पुन्हा बांधल्या. बराच वेळ बांधत राहिली.

परतीच्या बसमध्ये, घाट लागल्यावर, शाबदान म्हणाला, "बुरुल, आपला ड्रायव्हर मेणाचा आहे बरं का."

बुरुलने पिशवीतून फडकं काढलं, दोघांच्या मधे पसरलं, त्यावर घरून आणलेले तळलेले पाव मांडले आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे सरकवले.

"घ्या ना. लांबचा प्रवास आहे, दमला असाल."

परक्या पाहुण्याला म्हणतात तसं.

"एक शिवी तरी दे गं."

"अजून एक घ्या," बुरुल म्हणाली, आणि तिने तोंड खिडकीकडे केलं.