ऑनोरे मास्तरांची टाच

मी मार्सेयच्या बंदरावरचं एक जुनं साबणाचं खोकं आहे. खोक्याने संगीतावर बोलावं याचं तुम्हाला हसू येईल, मित्रांनो. पण माझी वीस वर्षं वाद्यवृंदाच्या पुढे गेली, तीही पालथं पडून!

ऑनोरे मास्तर फारच बुटके. मागच्या रांगेला ते दिसेनात, म्हणून व्हायोलिन वाजवणाऱ्या त्यांच्या बायकोने, सिदोनीने, मला पालथं घातलं आणि त्यांना वर चढवलं. मास्तर कॅफेत बसून चिटोऱ्यांवर चाली लिहीत आणि रविवारी चौकातल्या नाचाला त्या वाजवत. हातातली काठी काय झोकात फिरवायचे! मला त्यांचा फार अभिमान होता.

शेवटी त्यांच्या वॉल्ट्झची तबकडी काढायचं ठरलं. स्टुडिओ एकच दिवस मिळाला होता. जमलं नाही तर तबकडी नाही. ध्वनिमुद्रण करणाऱ्या साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हे ठकठक करतंय. घोंगडी टाका यावर."

घोंगडी पडली आणि सगळं बिघडलं. ट्रम्पेट पुढे, व्हायोलिन मागे. चार वेळा वाजवलं, चारही वेळा फसलं.

"बाप्तिस्त, डोळे फुटले का तुझे?" मास्तर ट्रम्पेटवाल्यावर ओरडले. "काठी दिसत नाही?"

"काठीकडे बघतंय कोण, मास्तर? आम्ही तुमची टाच ऐकून वाजवतो!"

मास्तरांचा चेहरा एवढासा झाला. "वीस वर्षं?"

"काठी छानच फिरवतोस हो तू," सिदोनी म्हणाली. सगळे खो खो हसले, मग मास्तरही हसले. त्यांनी स्वतः घोंगडी काढली आणि साहेबांना सांगितलं, "टाचेसकट घ्या." पाचव्या वेळी वॉल्ट्झ जमला.

मास्तर गेल्यावर मला सुलटं करून तळघरात ठेवलं. माझ्यात बटाटे भरले. मला फार वाईट वाटे. कित्येक वर्षांनी एका दुपारी वरून तोच वॉल्ट्झ ऐकू आला, आणि नातीचा, अर्लेतचा आवाज.

"आजी, तबकडी खराब झालीय. मागे कुणीतरी ठोकतंय."

"खराब नाही गं. ते तुझे आजोबा आहेत."

थोड्या वेळाने सिदोनी काठी टेकत जिना उतरली. तिने बटाटे ओतले, आपल्या चांगल्या रुमालाने मला पुसलं आणि पालथं घातलं. अर्लेतला वर उभं केलं.

"आता टाच आपट."

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी एकदा वाजवून बघा.