शाईची सुट्टी

कमळाकर घरतांच्या टेबलावरच्या दोन वस्तूंना कुणी हात लावायचा नाही, हे पोलीस ठाण्यात नव्यानं आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितलं जाई. एक त्यांची पेन्सिल आणि दुसरं निळ्या शाईचं पेन. ठाण्यातल्या एकशे बारा माणसांनी उद्या कुठे आणि किती वेळ उभं राहायचं, हे कमळाकर ठरवत. कागदोपत्री ते सहायक फौजदार, पण ठाण्यात त्यांना सगळे हजेरी मेजर म्हणत, घाईत असले की नुसतं मेजर.

मेजर आठवडाभराची ड्युटी रजिस्टरात आधी पेन्सिलीनं मांडत, कारण वरून कधी काय येऊन आदळेल याचा नेम नसे. कुणी पाहुणा महामार्गानं जाणार असतो, कुठे मोर्चा निघतो, कुठे उद्घाटन निघतं, की झालं, खोडरबर सुरू. रोज संध्याकाळी सहा वाजता, आता काही येत नाही अशी खात्री पटली, की मेजर पेनाचं टोपण काढून दुसऱ्या दिवसाच्या नावांवरून शाई फिरवत. त्यामुळे ठाण्यात सुट्ट्याही दोन प्रकारच्या होत्या. पेन्सिलीची सुट्टी घरी सांगायची नसते आणि शाईची सांगितली तरी चालते. नावेद मुकरी नावाचा एक शिपाई नेहमी म्हणायचा, "मेजर, माझ्या निकाहची सुट्टीपण आदल्या दिवसापर्यंत पेन्सिलीतच होती. सासरे काझींना रोज विचारायचे, दुल्हा नक्की आहे ना?" सगळे हसायचे. त्यांच्यापैकी निम्म्यांचं लग्न असंच लागलं होतं.

वर्षापूर्वी नवे सीनियर साहेब आले आणि त्यांच्याबरोबर आठ तासांची ड्युटी आली. तीन पाळ्या, आठवड्याला हक्काची सुट्टी, आणि साहेबांच्या केबिनबाहेर त्याचा तीन रंगांतला तक्ता. तक्ता खरंच देखणा होता. माणसं मात्र होती तेवढीच राहिली, म्हणून आठाचे अकरा तास व्हायचे ते होतच राहिले. वरचे तीन तास कुठे लिहायचे नाहीत, एवढीच काय ती सुधारणा. दर महिन्याला "साप्ताहिक सुट्ट्या शंभर टक्के दिल्या" असा अहवाल वर जायचा आणि साहेबांना शाबासकीचं पत्र यायचं.

एका संध्याकाळी सहाच्या सुमाराला शिपाई रंजिता तांडेल टेबलापाशी येऊन उभी राहिली. रंजिता मोरा गावची, मेजर त्याच्याच पलीकडच्या गावचे. तिच्या बापाला ते ओळखत होते, पण वर्दीत असताना ती कधी ओळख दाखवत नसे. त्या दिवशी मात्र ती हळूच म्हणाली, "काका, दुसऱ्या शनवारची सुट्टी पायजे. पेन्सिलीची नको."

मेजरांनी कारण विचारलं नाही. ते सगळ्या ठाण्याला माहीत होतं. रंजिताचा नवरा धनेश कळंबोलीच्या लोखंड बाजारात होता आणि दोन वर्षांपासून वेगळा राहत होता. सहा वर्षांची मिताली त्याच्याकडे. कोर्टानं रंजिताला महिन्यातले दोन शनिवार दिले होते, दुसरा आणि चौथा. खांदा कॉलनीतल्या बागेत सकाळी अकरा ते चार. साडेअकरापर्यंत आई आली नाही, तर बापानं मुलीला घेऊन परत जायचं. ओळीनं तीन शनिवार रंजिता पोचली नव्हती. तिन्ही वेळा बंदोबस्त होता, आणि तिन्ही वेळा तिचं नाव मेजरांच्याच हातानं खोडलं गेलं होतं.

"त्याच्या वकिलानं अर्ज टाकलाय," रंजिता म्हणाली. "आईला पोरीसाठी येळ नाय, भेटी बंद करा म्हनून. या टायमाला नाय गेले तर माझं काय खरं नाय."

मेजरांनी रजिस्टर पुढे ओढलं. शनिवार दहा दिवसांवर होता. त्यांनी पेन उघडलं आणि रंजिताच्या बक्कल नंबरापुढे शाईनं "साप्ताहिक सुट्टी" असं लिहिलं. वेगवेगळ्या ठाण्यांत मिळून बारा वर्षं त्यांनी हजेरी सांभाळली होती. इतक्या आधी शाई त्यांनी कुणासाठी फिरवली नव्हती, स्वतःच्या मुलाच्या साखरपुड्यासाठीही नाही.

"बघ, शाई हाय," ते म्हणाले. "आता कोनीबी येवदे, मी खोडनार नाय."

आणि शब्दाला ते जागले. त्यांनी ते खोडलं नाही. पुढची सगळी वाट तिथूनच लागली.

त्या शनिवारच्या आधीच्या बुधवारी वरून कागद आला. कर्मचाऱ्यांचं मनोबल वाढवण्यासाठी ताणमुक्ती कार्यशाळा, शनिवारी सकाळी दहा ते पाच, कळंबोलीच्या एका हॉलमध्ये. प्रत्येक ठाण्यातून पंधरा जण, त्यांत चार महिला. दैनंदिन कामकाजावर परिणाम होणार नाही याची दक्षता घ्यावी. या शेवटच्या वाक्याचा अर्थ हजेरीवर बसलेल्या माणसाला बरोबर कळतो. ज्यांची सुट्टी आहे, त्यांनाच पाठवा. आठवडाभर पाय मोडेस्तोवर उभं राहिलेल्या माणसानं एकुलत्या एका सुट्टीच्या दिवशी वर्दी चढवून ताण घालवायला जायचं, ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला स्वतःला मात्र शनिवार-रविवार दोन्ही मोकळे असणार.

शनिवारी चारच महिलांची सुट्टी होती आणि त्यांत रंजिता. पाचवं नाव मिळण्यासारखं एकच होतं, अरुंधतीचं. अरुंधती साहेबांच्या केबिनशेजारी बसायची, साहेबांचे अहवाल करायची, ठाण्याच्या पेजवर फोटो टाकायची. पाळ्यांच्या तक्त्यात तिचं नाव कधी आलंच नव्हतं. तिला पाठवलं असतं तर कामकाजाचं काही बिघडलं नसतं. फक्त साहेबांना विचारावं लागलं असतं.

मेजर उठले, केबिनच्या दारापर्यंत गेले. साहेब फोनवर कुणाला तरी शंभर टक्क्यांचं सांगत होते. मेजरांना निवृत्तीला आठ महिने राहिले होते. आठ महिन्यांसाठी साहेबांच्या माणसाला कशाला हात लावा, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते दारातूनच परतले. यादीचा छापील नमुना होता. त्यावर "स्वेच्छेने सहभागी होणाऱ्या कर्मचाऱ्यांची नावे" असा मथळा होता. चौथ्या जागी त्यांनी रंजिता तांडेल लिहिलं.

तिला बोलावून त्यांनी समजावलं. सुट्टी सुट्टीच आहे, रजिस्टरात तशीच राहील. शनिवारी दहाला हॉलवर यायचं, सही करायची, साडेदहाला मागच्या दारानं सटकायचं. रिक्षानं खांदा कॉलनी पंधरा मिनिटं.

"मी सोता हाय ना तितं पथक घेऊन," मेजर म्हणाले. "मी सोडतो तुला."

रंजिता म्हणाली, "तुमी हाव म्हनून, काका."

शनिवारी हॉलच्या दारात वेताची टोपली ठेवली होती. मोबाईल त्यात टाकायचे. ताणाचं मूळ मोबाईलमध्ये असतं, असं जाकीट घातलेल्या एका तरुण प्रशिक्षकानं सांगितलं. टोपली आत गेली, पाठोपाठ दारं लागली. हजेरी सही करून होणार नाही, दिवसातून तीनदा फोटो काढून होणार, असंही त्यानं हसत हसत सांगितलं. मेजरांनी मागच्या दाराकडे पाहिलं, तेही लागलं होतं.

मग सगळ्यांना फुगे वाटले गेले. फुग्यात आपला ताण भरायचा, गाठ मारायची आणि शेजारच्याला द्यायचा. दोन-दोन पाळ्या करून आलेले बाप्ये गाल फुगवून फुगे फुगवत होते. नावेद मेजरांच्या कानाशी येऊन म्हणाला, "मेजर, खुदा की कसम, मला या फुग्यावर डोकं टेकून झोपायचंय." समोर रंजिता हातात लाल फुगा घेऊन भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.

पावणेअकराला मेजर दाराशी गेले. तिथे वरच्या कार्यालयातल्या एक मॅडम खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"मॅडम, आमच्या एका लेडीजला जरा अर्जंट जायचंय."

"जेवणाआधीच्या फोटोनंतर बघू. आत्ता संख्या कमी दिसायला नको."

"मॅडम, लहान मुलीचं आहे."

"मुलं सगळ्यांनाच असतात, घरत. तुम्ही इतके सीनियर, तुम्हीच असं करायला लागलात तर कसं?"

यावर बोलण्यासारखं बरंच होतं. कोर्टाचं आहे, असं सांगता आलं असतं. मी जबाबदारी घेतो, मेमो मला द्या, असं म्हणता आलं असतं. बत्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला एक दार ढकलता आलं असतं. मेजर म्हणाले, "बरं मॅडम," आणि येऊन जागेवर बसले. रंजिताकडे बघून त्यांनी हातानंच थांब अशी खूण केली.

सव्वाअकराला ती स्वतः दाराशी गेली. काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. परत आली तेव्हा फुगा तिच्या हातातच होता. साडेअकरा वाजले तेव्हा हास्ययोग चालू होता. दोनशे पोलीस हात वर करून हा हा हा करत होते आणि प्रशिक्षक ओरडत होता, "पोटातून! पोटातून!" मेजरांनीही हात वर केले होते.

बारा वाजता सामुदायिक फोटो झाला. मागे "हसतमुख पोलीस, सुरक्षित समाज" असा बॅनर. महिलांना पुढे बसवलं. फोटोग्राफर म्हणाला, "लाल फुग्यावाल्या मॅडम, जरा स्माईल." सगळा हॉल तिच्याकडे बघू लागला, तेव्हा रंजिता हसली. तो फोटो संध्याकाळी अरुंधतीनं ठाण्याच्या पेजवर टाकला. सुंदर आला होता.

तोच फोटो धनेशच्या वकिलानं रंगीत छापून कोर्टात दिला. मुलगी बागेत अर्धा तास उभी होती आणि आई त्याच दिवशी फुगे फुगवत होती, असा अर्ज. रंजिताच्या वकिलानं तिला सांगितलं, तुम्हाला सक्तीनं पाठवलं असा ठाण्याचा एका ओळीचा कागद आणा, बाकी मी बघतो.

रजिस्टरची नक्कल मेजरांनीच काढून दिली. त्यात त्यांच्या वळणदार अक्षरात, निळ्या शाईत, कुठेही खाडाखोड नसलेली साप्ताहिक सुट्टी होती. यादीचीही नक्कल निघाली. तिच्या माथ्यावर "स्वेच्छेने" असं होतं आणि खाली चौथं नाव रंजिताचं, तेही त्यांच्याच अक्षरात. पेन्सिल असती तर निदान खोडल्याची खूण तरी राहिली असती.

एका ओळीच्या कागदासाठी मेजर साहेबांकडे गेले. या वेळी आत गेले.

साहेबांनी ऐकून घेतलं. "घरत, सुट्टीच्या दिवशी कामाला लावलं असं आपणच लिहून द्यायचं? मग शंभर टक्क्यांचं काय? आणि शाई तर तुमचीच आहे."

"हो साहेब."

"तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही जा कोर्टात, द्या साक्ष. मी अडवणार नाही." साहेब हसले. "पण मग 'स्वेच्छेने'च्या यादीत तिचं नाव कुणी लिहिलं, तेही सांगावं लागेल."

बाहेर मेजरांच्या टेबलापाशी रंजिता उभी होती.

"साहेब नाय बोलले," मेजर म्हणाले.

"तुमी काय बोल्लात?"

मेजरांनी टेबलावरची पेन्सिल उचलून पुन्हा तिच्या जागी ठेवली. रंजिता पाळीवर निघून गेली.

सुनावणीच्या दिवशी मेजर कोर्टात गेले नाहीत. त्या दिवशी त्यांनी तिला न मागता सुट्टी लिहिली होती, आणि आपल्याकडून होण्यासारखं होतं तेवढं आपण केलं, असं स्वतःला दिवसभर सांगून पाहिलं. ते काही पटलं नाही. संध्याकाळी घरी जेवताना बायकोनं काय झालं विचारलं, तर तिच्यावरच डाफरले.

पुढच्या आठवड्यात, सहाला दहा मिनिटं कमी असताना, रंजिता टेबलापाशी आली. मेजरांनी ती काही बोलायच्या आत रजिस्टर उघडलं आणि पेनाचं टोपण काढलं.

"दुसरा शनवार ना? आताच शाईनं लिवतो. चौथाबी लिवून टाकतो."

"चौथा नको," रंजिता म्हणाली. "तो कोनाला तरी द्या. नावेदला द्या. कोर्टानं आता महिन्याला एकच शनवार ठेवलाय. दोन तास, तिच्या आत्येच्या समोर."

मेजरांनी रजिस्टरात दुसरा शनिवार काढला.

"आनि दुसरा पेन्सिलीनं लिवा," ती म्हणाली. "खोडायला बरा पडंल. तुमचं काम निम्मं हलकं झालं, मेजर."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि पेन्सिल घेतली. लिहून होईपर्यंत ती उभी राहिली, आपलं नाव पाहिलं, आणि सॅल्यूट करून गेली.